उलथणं

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
पोळी करपली त्या रात्री नाव सुचलं.
जुन्या फॉन्टात चिकटून बसलेला मजकूर
न फाडता युनिकोडवर उलटवणारा
एवढासा प्रोग्राम: उलथणं.
इंग्रजी स्पेलिंग घाईत केलं,
दोन फायलींत दोन तऱ्हांनी.
म्हटलं, वापरणार कोण आहे?

वापरू लागले.
सांगलीचा एक छापखाना, काठमांडूची एक शाळा,
नॉर्वेतला ओडवार, ज्याला थ म्हणता येईना
आणि ण तर नाहीच.
नाव बदलू या, तो म्हणाला, अगदी नम्रपणे.
मतदान झालं. मीही हो म्हटलं,
पाहुण्यांसाठी तिखट कमी करतो तसं.

लिपिका.
पाच महिने टिकली लिपिका.
मग ओठरंग विकणाऱ्या कंपनीच्या वकिलाचं
सतरा पानी पत्र,
की गिऱ्हाइकांचा गोंधळ होईल.
फुटका ळ सांधायला आलेला माणूस
लिपस्टिक घेऊन जाणार होता का?

मग सेतू. त्या नावाचे आधीच एकोणीस निघाले.
मग सेतू-२, ज्याचा १ कधी नव्हताच,
आणि लोक विचारत राहिले,
१ कुठे मिळेल?

दरम्यान होसूरच्या कुणा इलंगोनं
माझी जुनी प्रत उचलली,
रीतसर, परवानगी पहिल्या दिवसापासून होतीच,
आणि जुनं नाव शेजारीच पडलेलं पाहून
तेही उचललं.
आता उलथणं त्याचं आहे.
माझं जे आहे ते उलथणं नाही,
पण आत, फोल्डरवर, अजून तेच लिहिलंय.
ते पुसलं तर
चारशे जणांची कामं एका सकाळी बंद पडतील.

स्टेशनसारखं.
पाटीवर वडोदरा, घोषणेत वडोदरा,
घरी आम्ही बडोदं म्हणतो,
आणि तिकिटावर छापलेलं असतं बीआरसी.
उतरायला कुणी चुकत नाही.
कमाटीबागेत भेटू म्हणणारा
सयाजीबागेच्या फाटकाशी बरोबर उभा असतो.

हे सगळं मी खालच्या ढवळे काकांना सांगितलं.
छत्तीस वर्षं रावपुऱ्याच्या पोस्टात टपाल निवडलं त्यांनी.
"बरोडा, बडोदा, एकानं तर बडोडरा लिहिलेलं.
पिन बरोबर असला की झालं.
तुझ्या त्याचा पिन काय?"

मी चाळीस अक्षरांची ती ओळ दाखवली,
पहिल्या रात्रीची, यंत्रानं दिलेली,
जी ओडवारलाही म्हणता येत नाही आणि मलाही.
चष्मा कपाळावर चढवून
त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.
"लांब आहे," म्हणाले. "पण चालेल."

काल सांगलीहून निरोप: उलथणं बिघडलंय,
वाऱ्यातला ऱ्य फुटतोय.
माझं की इलंगोचं, त्यांना ठाऊक नाही.
शोधलं. इलंगोचं निघालं.
चूक मात्र माझी, ओळ दोनशे बारा,
लिहिणारीचं नाव पुढे: ऋजुता आठल्ये.
नऊ वर्षांत या नावानं
मला कुणी हाक मारलेली नाही.

दुरुस्त केली, पाठवली, खाली घारपुरे.
तासाभरात इलंगोचं उत्तर आलं:
आभारी आहे, पण ही ओळ
मूळच्या आठल्ये बाईंची दिसते,
त्यांना न विचारता बदलणं बरं नव्हे.

विचारून सांगते, मी कळवलं.