येळवशीच्या आदल्या रात्री

औशात, खतांच्या दुकानावरच्या खोलीत
मी एका कार्टूनच्या नाताळाला मराठी शिकवते.
मिनिटाला पन्नास रुपये. हसणं त्यांचंच राहतं,
शब्द तेवढे माझे.

बाप छपरावर चढतो, पडतो. हे सोपंय.
मग पडल्या पडल्या एक ओळ म्हणतो
आणि न दिसणारे लोक खदखदतात.
का?
तीनदा मागे नेते.

रेवणला विचारावं. सातवीतलं लेकरू,
पण त्याच्या वहीत सगळंय:
भिंतीवरचं घड्याळ कायम सव्वाचार दाखवतं,
शेजारणीच्या मांजराला कुण्या राष्ट्राध्यक्षाचं नाव आहे,
आणि ती ओळ एका जुन्या सिनेमातली,
जो त्यानं पाहिला नाही, मीही नाही.
"तिथं हसायचं असतं, आत्या."

कार्टूनमधले आजोबा दूध, अंडं, रम
घुसळून काहीतरी पितात.
मी लिहिलं, अंबील.
ओठांवर चपखल बसली.
पुण्याहून निरोप: चार तालुके सोडून
कुणाला कळायची अंबील?

खाली महानंदाकाकू भज्जीसाठी शेंगा सोलतायत.
उद्या कडब्याची कोप, चुना लावलेले पाच दगड,
आणि अंबील शिंपडत रानाभोवती
आम्ही जे ओरडतो त्याचा अर्थ
आमच्या आज्यालाही ठाऊक नव्हता.
आवाज मात्र शिवेपल्याड जायचा.

फाईल पाठवली. शब्द बदलला नाही.
रेवणनं वही उघडून, जीभ बाहेर काढून लिहिलं:
मराठीत आजोबा अंबील पितात.
का, ते माहीत नाही.