गाठोड्यामागे एक कवडी

कागद धरणगावचा आहे, साहेब.
जाडाभरडा, तापीच्या गाळाच्या रंगाचा,
आणि वरून चौथ्या ओळीत
कसरीने एक अक्षर खाल्लंय.

मी फक्त वाचणारी.
मोडीची परीक्षा दिली, शिक्का मिळाला,
तेव्हापासून लोकांच्या हद्दी, वाटण्या, वतनं
पानामागे दीडशे रुपयांनी वाचते.

खटला एवढाच :
कापसाच्या दर गाठीमागे बाजार समिती
दोन रुपये कापते, दिवाबत्ती म्हणून.
पावतीवर तसा रकानाच छापलेला.
काबरा विचारतात, मी का द्यावे?
त्यांचे वकील बोरोले सत्ताविसावं कलम काढतात :
एखाद्या विशिष्ट धर्माच्या पोषणासाठी
कुणावरही कराची सक्ती करता येणार नाही.
सावकाश वाचतात,
दुधावरची साय न फाटता उचलावी तसं.

समितीचे वकील पिंजारी उठतात.
विशिष्ट म्हणजे कोणता?
आधी ते तर ठरू द्या.

म्हणून मला बोलावणं.
शिरस्तेदार विचारतो,
शपथ ईश्वराची, की नुसती प्रतिज्ञा?
म्हटलं, नुसती.
त्या दिवशी कोर्टाने मला
माझ्याबद्दल विचारलेलं हे एवढंच.
कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.
बरं वाटलं.

मग वाचलं :
*समस्त पेठकरी, रंगारी साळी पिंजारी वाणी,
यांणीं लिहून दिल्हे ऐसे जे,
सुरतेहून जहाज गेले ते दोन पावसाळे परतले नाही.
पेठेचा माल आंत. किरमिजी थानें साडेतीनशे.
सबब दर गाठोड्यास कवडी एक तेलास द्यावी.
दर*

आणि इथे भोक.

*दिवा रात्रौ विझों न द्यावा.*

दर्गादिवा, बोरोले म्हणाले.
दर्यादिवा, पिंजारी म्हणाले.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

सह्या नाहीत, निशाण्या आहेत :
धोटा, कढई, धनुकली, तराजू.
यांतल्या कुणी समुद्र पाहिला असेल?
तापी पुरात चढते तेवढंच त्यांचं अफाट पाणी.
तरी कमरेच्या कशात समुद्राची हाडं होती,
दूरच्या बेटांवरून जहाजाच्या तळाशी
वजन म्हणून भरून आलेल्या कवड्या,
त्यांनीच मीठ घेतलं, मिरच्या घेतल्या,
त्यांनीच न परतलेल्या जहाजासाठी तेल.
देवाचं नाव कागदात कुठेच नाही.
विसरले असतील,
किंवा चौघांचं एकमत झालं नसेल.

साहेबांनी विचारलं, तुमचं मत?
म्हटलं, इथे अक्षर नाही. भोक आहे.
त्यांनी कागद खिडकीकडे धरला,
भोकातून उन्हाचा एक ठिपका
थेट बोरोलेंच्या पांढऱ्या बँडवर पडला.

निकाल दीड पानाचा.
सक्तीची वसुली बंद.
ज्याला द्यायचं त्याने खुशीने द्यावं.
योग्यच आहे. मीही असाच दिला असता.

तरी परतीच्या बसआधी बघून आले.
वजनकाट्याच्या मागे हातभर दगड,
तेलाने इतका काळा
की कोरलेलं काही असेल तर बोटालाच कळावं.
बोटालाही कळलं नाही.
उखर्डू चौधरी घाणा बंद करून निघाले होते.
म्हटलं, बाबा, हा दिवा कुणाचा?
म्हणाले, “जो तेल टाकस, तेना.”
आणि चपला घालता घालता,
“आज मी टाकं. सकायनं माहीत नही.”

रात्री फाइल बांधताना दिसलं,
कागदाच्या पाठीवर दोनाचा आकडा आहे.
म्हणजे पान एक होतं,
कदाचित तीनही.
जहाज आलं का,
हे त्यात असणार. फाइलमध्ये ते नाही.
माझ्या बिलावर लिहिलं :
पान एक. रुपये दीडशे फक्त.