छाट

नीलमनगरच्या विडी कारखान्यात
चेकरला काम करताना पाहिलंय मी.
तोंडाने जावयाला शिव्या देत असतो
आणि बोटं आपली आपण बाजूला टाकतात
सैल, फुगीर, तोंड नीट न मुडपलेली विडी.
छाट.
कसं कळतं, विचारलं, तर म्हणाला,
"कळत न्हाई बाई. बोटाला हुतं."

पहिल्या वर्षी माझ्या बोटाला काही होत नसे.
पुस्तक उघडं. नवापैकी पाच लक्षणं, दोन आठवडे,
समासात पेन्सिलीच्या खुणा.
मल्लेशम कुरापाटी म्हणाला, डोक्यात माग चालतो रातभर.
मी लिहिलं : श्रवणभ्रम. आणि खाली गोळी.
आठ दिवस पेंगत राहिला, कामावरून गेला.
बायको तेलुगूत काय ते भांडली,
शिपायाने मराठीत सांगितलं, मान खाली घालून :
बारा तास मागापाशी उभं राहिलं की
साखर पेठेत सगळ्यांच्याच डोक्यात चालतो तो.

त्यावर एकवीस उन्हाळे गेले.
आता दारातून खुर्चीपर्यंत येईतो
माणूस अर्धा लिहून झालेला असतो.
चप्पल कुठे काढली, पदर कशाला धरला,
"छातीत जळजळ" म्हणताना
नजर सासूकडे गेली की औषधाच्या चिठ्ठीकडे.
अंगात आग म्हणजे काय, भिरभिरणं म्हणजे किती कर्ज,
कप्पे पुस्तकातलेच,
मी त्यांना मागून दारं पाडलीत.

परवा, पंचेचाळीस अंश, वीज गेलेली.
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातला पोरगा.
"मॅडम, डोक्यात माग चालतो."
हा मला ठाऊक.
पेन पुढे सरकलंसुद्धा.

शेजारी तहसीन, सहा महिन्यांची निवासी डॉक्टर,
घामाने चिकटलेली पानं उलटत,
पुढचा प्रश्न पुढचा आहे म्हणून विचारला तिने :
माग काही बोलतो का?

पोरगा तिच्याकडे वळला.
माझ्याकडे नाही.
"बोलतो की.
थोरल्या भावाच्या आवाजात.
म्हणतो, हात घाल आत."

बोटाला काहीच झालं नव्हतं माझ्या.

तेवढ्यात वीज आली, पंखा फिरला,
केसपेपर उडाले खोलीभर.
ते गोळा करायला मी खाली वाकले
आणि जरा जास्तच वेळ
वाकून राहिले.