दाढेतली चांदी

डॉक्टर खुर्चीपाशी, पारा मात्र यांच्या हातात.
सत्तावीस वर्षं. खलात चांदीची पूड घोटायची,
मग उघड्या तळव्यावर मळायची.
दाबलं की कुरकुरायला हवं, म्हणायचे, तेव्हा तयार.
निम्म्या निपाणीच्या दाढा अशाच भरल्या:
तंबाखूच्या वखारीतल्या बायका, मास्तर, एक फौजदार.
माझ्याही दोन, लग्नाआधीच्या.

आता माझं नाव विचारतात.
सांगितलं की मान हलवतात. जेवण झालं की पुन्हा.

चिकोडीच्या कडोलकर डॉक्टरीणबाईंना विचारलं,
पाऱ्यानं झालं का हो?
दाढेतल्या चांदीनं विसर पडतो
असं ठामपणे कुणी म्हणत नाही, त्या म्हणाल्या.
आणि हातांनी मळणाऱ्याचं?
त्यांनी हातमोजे काढले, नळ सोडला.

परतताना बसमध्ये जीभ सारखी त्या दोन दाढांवर.
एक गार. एकीची कड झिजलेली.
मला तर सगळं आठवतंय.

काल परातीतला भाकरीचा उंडा यांनी उचलला,
तळव्यावर फिरवला, अंगठ्यानं दाबला,
कानाशी नेला.
वाजेना.
मग पिठाच्या बोटांनी माझी हनुवटी धरून,
"बायी तेगी, अक्का."

मी आ केला.