झोपेचा रकाना

जांबोटीच्या दवाखान्यात मी केसपेपर फाडतो.
पाच रुपये, नाव, गाव, काय दुखतं.
शेवटचं कधी पूर्ण लिहीत नाही,
जागाही नसते तेवढी.

तानुबाई तिरवीर. कालमणी.
डोकं.
पंधरवड्याला एकदा डोकं,
कधी पाठ, कधी छातीत काहीतरी चालल्यासारखं.
गोळ्या त्याच, पांढऱ्या न् पिवळ्या.
कागद इतका जाड झाला की टाचणी वाकते.

दुसरी वाट होती, पण ती कुणी घ्यायची नाही.
आमच्याकडं ‘धारवाडला नेलं’ म्हटलं
की कशाला ते विचारत नाहीत.
घरातल्या पोरीला आलेलं स्थळ
आल्या पावली परत जातं.

आता मंगळवारी तीन नंबरच्या खोलीत
साखर तपासायच्या टेबलाला चिकटून
आणखी एक खुर्ची असते.
वर पाटी नाही. मुद्दाम नाही.
बोटावरचा कापूस दाबून धरलेला असतानाच
बडिगेरबाई विचारतात,
“निद्दी बरतैतेनु, अव्वा?”
तानुबाई मराठीत म्हणते, “येतीया की.”
मग बऱ्याच वेळानं,
“तीनपर्यंत येतीया.”

तीनला पणजीची गाडी जाते.
दिव्यांचा उजेड भिंतीवर चढतो,
आढ्याला लागतो, उतरतो.
त्याच गाडीनं मुलगा गेला.
किती वर्षं झाली ते तिनं बोटांवर दाखवलं,
कापूस तसाच धरून.

डॉक्टरांना बोलवावं लागलं नाही.
ते तिथंच, दोन हातांवर,
बीपीचा पट्टा गुंडाळायचं सोडून ऐकत होते.
मला एवढंच नवीन वाटलं.

नव्या रजिस्टरात झोपेला रकाना आहे,
कन्नडमध्ये छापलेला, करंगळीएवढा रुंद.
मी त्यात ‘अर्धी’ लिहिलं.
तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याला लाल गोल केला:
होय किंवा नाही, एवढंच लिहा.

सहा मंगळवार झाले.
डोकं आहेच. पिवळी गोळी बंद झाली.
आज खिडकीत पाच रुपये ठेवून म्हणाली,
“परवा रात्री पणजीची गाडी गेली काय रे?
का बंद केली?”

गेली, म्हटलं.
मी ऐकली.

ती माझ्याकडं बघत राहिली.
मागं रांग खोकत होती.
मी पुढचं नाव विचारलं.