बिजागरी

थांब, आत्ताच काही बोलू नकोस.
आधी ऐक. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही,
नुसता ढोल, तोही धड सरळ चालत नाही,
लंगडी घालत येतो, समेच्या अलीकडेच पडतो,
तुला वाटेल काहीतरी बिघडलंय.
बिघडलेलंच आहे. म्हणून तर.

दरबानच्या टॅक्सी अड्ड्यावर माझं टेबल आहे,
टेबल कसलं, फळकुटच,
कणसं उकडणाऱ्या मावशींच्या वाफेत
दिवसभर घामेजणारा लॅपटॉप.
ड्रायव्हर पेन ड्राइव्ह टाकून जातात, मी भरून ठेवते.
शनिवारी क्लबात वाजवते, पण ती नंतरची गोष्ट.
परीक्षा टॅक्सीतच.
सोळा माणसं, मांडीवर पिशव्या, मागच्या सीटखाली स्पीकर.
काचा थरथरल्या तर पास.
एखादी आजी ओरडली, "बंद कर ते मेलं!"
तर पहिल्या वर्गात पास.

झोंडीच्या ड्राइव्हवर सापडलं हे.
फाइलचं नाव: शेवटचं नवीन खरंच शेवटचं.
कुणाचं रे?
कोण जाणे, म्हणाला, भाच्याने दिलं,
भाच्याला कुणी दिलं ते भाच्यालाही ठाऊक नाही.

त्या रात्री चाळीसेक वेळा ऐकलं.
जेवण गार झालं, शेजारीण भिंत बडवून थकली,
आणि चार मिनिटं अकरा सेकंदांवर, एकदाच,
ढोलांच्या फटीतून:
कुईंऽऽ

हे कुठलं मशीन?
मशीनं मी ओळखते, झोपेत ओळखते.
हे लोखंड होतं. समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेलं,
आणि त्याच्यामागे, अर्ध्या मात्रेवर, कुत्रं.

झोंडीचा भाचा एनतुझुमाचा. एवढाच धागा.
रविवारी गेले. पांढऱ्या गणवेशातल्या बायका
प्रार्थनेला निघालेल्या, आणि मी
लोकांची फाटकं ढकलत चढणीवर.
कोण हवंय?
कुणी नाही हो, फाटक ऐकतेय.
एक खोकलं. एक नुसतंच कण्हलं.
एक इतकं गुळगुळीत की मला त्या घराची कीव आली.
एकोणिसावं का विसावं, मोजणं सुटलं होतं,
हात लावला आणि

अंगावर काटा आला, शपथ.
कुत्रंही वेळेवर भुंकलं.

दारात सतरा वर्षांची अयाखा.
हातात ओला शाळेचा गणवेश,
मागे बॅटरी मेलेला लॅपटॉप, वायर काढली की संपला.
मी काही म्हणायच्या आत तीच अजिजीने म्हणाली,
खिडकी उघडी राहिली होती, ताई,
बाबा रात्रपाळीहून आले तेव्हाचं आहे ते,
आजच कापून टाकते.

हात लावलास तर याद राख, म्हणाले मी.
पहिल्या भेटीत. पोर घाबरली.

पुढच्या शनिवारी क्लबात लावलं.
माझ्यामागे ती, मावशीचे बूट घालून,
बोटं कानात घालू की नको अशी.
मला वाटलं होतं, मी यांना नवं काहीतरी देतेय.
कसलं काय.
चार मिनिटं दहा सेकंदांना तीनशे माणसांनी श्वास धरला
आणि तोंडाने, एका सुरात, हात वर करून:
कुईंऽऽ
सगळे टॅक्सीनेच तर आलेले.

अयाखा हसली, मग खाली बसली,
मग बराच वेळ बुटांचे बंद बांधत राहिली.
त्या बुटांना बंद नव्हते.

तिच्या बापाला फार लाज वाटली म्हणे.
अख्ख्या शहराने आपल्या घरचं फाटक ऐकावं?
दुसऱ्या दिवशी अर्धी बाटली तेल ओतलं बिजागरीत.
आता तो पहाटे येतो ते कुणाला कळत नाही,
कुत्र्यालासुद्धा.

थांब. येतंय.
काच बघ, थरथरतेय.
आत्ता.
ऐकलंस?
आला घरी.