चेंबूर, सातव्या होलचा बंकर

चेंडूवर डोळे वटारू नका, टिपणीससाहेब.
त्याच्या दोन बोटं मागं बघा,
तिथं वाळूला मारा.
पाय रुतवा आधी, बुटाला तळ लागेपर्यंत.
काठीचं तोंड आभाळाकडं, उघडं,
आणि मधेच हात आखडायचा नाही;
भीती वाटली की चेंडू तिथंच बसतो.

माझा बाप रेतीबंदरला डुबी मारायचा.
बादली वर देताना म्हणे, रेतीशी भांडायचं नसतं,
तिच्या खालून जायचं.
मी मात्र गोवंडीत, बिल्डरच्या ढिगाऱ्यावर शिकलो,
वाकड्या सळईनं, रात्री, वॉचमन झोपल्यावर.

हां, असं!
उडाला बघा.
पडला कुठं ते नंतर.
तुम्ही व्हा पुढं,
मी दाताळं फिरवतो:
तुमचीही पावलं, माझीही.